नोकरीतला फुटबॉल, फुटबॉलची नोकरी!

बँकेच्या हजेरीपटावर सही करून मैदान गाठणारे खेळाडू ते ठरावीक मुदतीचा करार करणारे व्यावसायिक... चेन्नईच्या फुटबॉलनं हा पल्ला गाठला खरा. पण या प्रवासात काय हाती लागलं आणि काय निसटलं?

९ मार्च २०१९. शनिवारची संध्याकाळ. तामिळनाडूतल्या कोइमतूर शहरातल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये प्रेक्षकांचं एक लक्ष मैदानावर, तर दुसरं हातातल्या मोबाइलवर. कारण त्याच वेळी तिकडे केरळमधल्या कोळिकोडला दुसरा सामना रंगला होता. आय-लीगच्या विजेतेपदाचा निकाल या दोन मैदानांवर एकाच वेळी लागणार होता. चेन्नई सिटी क्लबचे ४० गुण, कोलकात्याच्या ईस्ट बंगालचे ३९. चेन्नई जिंकली तर प्रश्नच मिटला. पण पाय घसरला आणि तिकडे ईस्ट बंगालनं बाजी मारली, तर वर्षभराची मेहनत पाण्यात!

आणि पाय घसरलाच. आदल्या वर्षीच्या विजेत्या मिनर्व्हा पंजाबनं तिसऱ्याच मिनिटाला गोल केला. मध्यंतरापर्यंत चेन्नई मागेच. उत्तरार्धात पेद्रो मान्झीनं पेनल्टीवर बरोबरी साधली आणि स्टेडियममध्ये जीव आला. मग पुढे आला तो गौरव बोरा. हा आसामचा पोरगा खेळतो बचावफळीत, गोल करणं हे काही त्याचं रोजचं काम नव्हे. पण त्या संध्याकाळी त्यानं एक नाही, दोन गोल केले. चेन्नई सिटी ३, मिनर्व्हा १. तिकडे ईस्ट बंगालनंही आपला सामना जिंकला होता, पण उपयोग काय? ४३ विरुद्ध ४२. अवघ्या एका गुणानं चेन्नई सिटी आय-लीग जिंकणारा तामिळनाडूचा पहिला क्लब ठरला.

गोष्ट इथंच संपली असती, तर ती एखाद्या चित्रपटासारखी वाटली असती. पण फुटबॉलची गोष्ट शिट्टी वाजली म्हणून संपत नाही. या विजयानंतर तीन वर्षंही झाली नव्हती, तोच हा क्लब आय-लीगमधून दिसेनासा झाला. असं का झालं? ते समजून घ्यायचं, तर आधी जरा मागे जायला हवं. मद्रासच्या बँकेत आणि रेल्वेच्या कारखान्यात. आणि हो, थेट जपानमध्येसुद्धा!

बँकेतला सेंटर फॉरवर्ड

चेन्नई म्हटलं की आठवतं चेपॉक, आठवतो क्रिकेट. शहरात आज ज्या जागी जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभं आहे, तिथल्या जुन्या कॉर्पोरेशन स्टेडियमवरसुद्धा क्रिकेटचे कसोटी सामने होत. १९५६ च्या जानेवारीत विनू मंकड आणि पंकज रॉय यांनी न्यूझीलंडविरुद्ध ४१३ धावांची सलामी दिली ती इथंच. तो विश्वविक्रम पुढे ५२ वर्षं टिकला. १९९३ साली नेहरू चषक स्पर्धेच्या निमित्तानं इथं नवं स्टेडियम आलं आणि जागा फुटबॉलच्या नावावर झाली.

फुटबॉल या शहरात त्याच्या कितीतरी आधीपासून होता. मात्र त्याचा मुक्काम असे कचेऱ्यांमध्ये. १९०७ साली मद्रासमध्ये स्थापन झालेली इंडियन बँक, पेरांबूरचा रेल्वे डबे बनवणारा इंटिग्रल कोच फॅक्टरी हा कारखाना, दक्षिण रेल्वे, आयकर खातं, कस्टम्स... शहराच्या लीगमधले तगडे संघ ते हेच. मुंबईकरांना हे चित्र नवं नाही. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, महिंद्र अशी नावं ज्यांनी कूपरेजच्या बाकांवर बसून ऐकली असतील, त्यांना मद्रासचा हा मामला लगेच कळेल.

पद्धत साधी होती. पोरगा चांगला खेळतो ना? मग त्याला खेळाडूंच्या कोट्यातून चिकटवून घ्या. पहाटे सराव, मग कचेरी, हंगाम सुरू झाला की कामातून सवलत. खेळायचं वय तिशी-पस्तिशीपर्यंत, पण नोकरी पार निवृत्तीपर्यंत! बूट खुंटीला टांगले की तोच सेंटर फॉरवर्ड काउंटरमागे बसून पासबुकं भरून देणार. महिन्याच्या महिन्याला पगार, प्रॉव्हिडंट फंड, आजारपणात दवाखान्याचा खर्च आणि लग्नाच्या बाजारात वर 'नोकरदार'. आईवडिलांना आणखी काय हवं?

यात खेळ मागे पडत होता असंही नाही. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली. त्या काळात चेन्नईचं नाव देशाच्या नकाशावर ठेवलं ते इंडियन बँकेच्या संघानं. रामन विजयन आणि सय्यद साबिर पाशा हे भारताकडून खेळलेले आघाडीवीर याच बँकेच्या संघात नावारूपाला आले. रामन विजयननं पुढे व्यावसायिक क्लबांची वाट धरली आणि १९९७-९८ च्या राष्ट्रीय लीगमध्ये एफसी कोचीनकडून सर्वाधिक गोल केले. साबिर पाशानं खेळ संपल्यावर प्रशिक्षकाची शिट्टी गळ्यात अडकवली. या पाशाची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

हरणांच्या गावातला चमत्कार

आता थोडं जपानकडे. तिथंही फुटबॉल कंपन्यांच्याच कुशीत वाढला. १९६५ मध्ये सुरू झालेल्या जपानच्या लीगमध्ये संघांची नावं कशी होती? मित्सुबिशी, निस्सान, टोयोटा, माझदा, फुरुकावा, यानमार! खेळाडू म्हणजे कंपनीचे कर्मचारी. मैदानात प्रेक्षक कमी, आले तरी बरेचसे कंपनीतलेच.

फुरुकावाचे एकेकाळचे खेळाडू साबुरो कावाबुची यांनी हे चित्र पालटायचं मनावर घेतलं. १९९३ साली दहा क्लबांची जे-लीग सुरू झाली आणि कावाबुची तिचे पहिले अध्यक्ष झाले. लीगचा आग्रह असा, की क्लब ओळखला जायला हवा तो कंपनीच्या नव्हे, गावाच्या नावानं. मित्सुबिशीचा संघ झाला उरावा रेड्स, माझदाचा सानफ्रेचे हिरोशिमा, टोयोटाचा नागोया ग्रॅम्पस. पैसा पुष्कळदा कंपनीचाच राहिला, पण छातीवर आणि ओठांवर नाव आलं गावाचं. क्लबनं मुलांचे संघ चालवायचे, स्टेडियम धड असायला हवं, खेळाडूंशी रीतसर करार करायचे. हे सगळं झालं तरच लीगमध्ये प्रवेश.

यातली सर्वांत गोड कहाणी काशिमा या छोट्या गावाची. सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीचा संघ १९७५ साली ओसाकाहून इथं आला. लोकवस्ती जेमतेम ४५ हजार. संघ दुसऱ्या श्रेणीतला. नव्या लीगमध्ये जागा मिळणं जवळजवळ अशक्य, असं कावाबुचींनी त्यांना तोंडावर सांगितलं. छत असलेलं १५ हजार आसनांचं स्टेडियम बांधलंत तर बघू, म्हणाले. आणि तिथल्या लोकांनी, कंपनीनं आणि प्रांताच्या सरकारनं मिळून ते खरंच बांधून दाखवलं!

त्याआधी १९९१ मध्ये या दुसऱ्या श्रेणीच्या संघात एक पाहुणा येऊन दाखल झाला होता. ब्राझीलचा महान खेळाडू झिको. कर्मचाऱ्यांच्या त्या संघाला त्यानं व्यावसायिकाची शिस्त शिकवली. वेळेवर येणं, नीट खाणं, पराभव मनाला लावून घेणं. जे-लीगमधला काशिमाचा पहिला सामना १६ मे १९९३ ला नागोयाशी झाला. निकाल ५-०, आणि त्यातले तीन गोल झिकोचे. काशिमा म्हणजे हरणांचं बेट, म्हणून क्लबचं नाव अँटलर्स, म्हणजे हरणाची शिंगं. या हरणांनी पुढे जपानचं विजेतेपद पुनःपुन्हा पटकावलं. २०१६ च्या क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तर रेआल माद्रिदविरुद्ध काही काळ २-१ अशी आघाडीसुद्धा घेतली. जादा वेळेत ४-२ नं हरले, पण पोलाद कारखान्याचा संघ कुठवर पोचला बघा!

जपानमध्ये सगळंच गोड झालं असं मात्र नाही. योकोहामा फ्ल्यूगल्स या क्लबला पैशाची चणचण भासली आणि १९९९ च्या सुरुवातीला तो शेजारच्या मारिनोस क्लबमध्ये विलीन करण्यात आला. संतापलेल्या चाहत्यांनी वर्गणी जमवून योकोहामा एफसी नावाचा आपला स्वतंत्र क्लबच उभा केला. म्हणजे क्लब मेला तरी गाव मेलं नाही.

पुराच्या वर्षातला चषक

भारतात मात्र गाडी वेगळ्या रुळांवरून गेली. जुन्या कचेरी संघांना हात धरून व्यावसायिक व्हायला कुणी शिकवलं नाही. उलट नियम बदलत गेले आणि हे संघ एकेक करून बाजूला पडले. आशियाई महासंघाच्या परवान्यासाठी क्लबची स्वतंत्र कायदेशीर संस्था हवी, हिशेब तपासलेले हवेत, मुलांचे संघ हवेत. सरकारी बँक किंवा महामंडळ हे सारं कसं करणार? २०१३ साली मुंबईच्या एअर इंडिया आणि ओएनजीसी या संघांना याच निकषांवर आय-लीगबाहेर जावं लागलं. त्याआधी २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या महिंद्र युनायटेडनं २०१० मध्ये स्वतःहूनच गाशा गुंडाळला होता, आणि पाठोपाठ २०११ मध्ये पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, पंजाबचा जेसीटी.

मग २०१४ साली आली इंडियन सुपर लीग. आठ शहरं, आठ नवे कोरे संघ, दिमतीला सिनेतारे आणि क्रिकेटवीर. चेन्नईच्या वाट्याला आला चेन्नईयिन एफसी. मालकांत अभिषेक बच्चन, उद्योजिका विता दाणी आणि चेन्नईकरांचा लाडका महेंद्रसिंग धोनी. प्रशिक्षक इटलीचा विश्वविजेता मार्को मातेराझी. म्हणजे इथं जुन्या झाडाला कलम केलंच नाही. मोठं झाड आणून लावलं.

पण झाडानं मूळ धरलं. कसं, ते कळलं २०१५ च्या डिसेंबरात. चेन्नईत महापूर आला. रस्त्यांवर होड्या फिरू लागल्या, विमानतळ बंद पडला. सुपर लीगची उपांत्य फेरी तोंडावर आलेली आणि घरचं मैदान वापरणं अशक्य. मग घर शोधलं ते कुठं? पुण्यात! बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात १२ डिसेंबरला चेन्नईयिननं आपला 'घरचा' सामना खेळला आणि गतविजेत्या कोलकात्याला ३-० असं हरवलं. त्या दिवशी गोल करणाऱ्यांत मिझोरामचा जेजे लालपेखलुआ होता. तो तर पूर्वी पुणे एफसीकडूनच खेळलेला. पाहुण्या गावात ओळखीचं कुणी भेटावं, तसंच हे!

आठ दिवसांनी, २० डिसेंबरला, गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना. प्रतिस्पर्धी एफसी गोवा आणि गोव्याचा प्रशिक्षक कोण? तोच तो, काशिमाच्या हरणांना पळायला शिकवणारा झिको! ८७ व्या मिनिटाला गोव्यानं २-१ अशी आघाडी घेतली. फातोर्डा नाचायला लागलं. पण नव्वदाव्या मिनिटाला गोव्याच्या गोलरक्षकाकडून स्वयंगोल झाला आणि दोन मिनिटांत कोलंबियाच्या स्टिवन मेंडोझानं विजयी गोल ठोकला. चेन्नईयिन ३, गोवा २. पुरानं झोडपलेल्या शहराला वर्षाच्या शेवटी एक तरी आनंदाची बातमी मिळाली.

मार्च २०१८ मध्ये जॉन ग्रेगरी या इंग्लिश प्रशिक्षकाच्या हाताखाली चेन्नईयिननं दुसऱ्यांदा चषक उचलला. बंगळुरूत, बंगळुरूलाच ३-२ नं हरवून. आणि या सगळ्या परदेशी नावांच्या गर्दीत प्रशिक्षकांच्या ताफ्यात एक ओळखीचा चेहरा होता. इंडियन बँकेचा साबिर पाशा! २०२२ मध्ये मुख्य प्रशिक्षक गेल्यावर हंगामाच्या अखेरीस संघाची सूत्रं त्याच्याच हाती आली. बँकेच्या मैदानावरची विद्या अशी नव्या घरात कामाला आली.

दोन वर्षांचं राजेपण

आता पुन्हा चेन्नई सिटीकडे. हा शहराचा दुसरा व्यावसायिक क्लब. उद्योजक रोहित रमेश यांनी बोली लावली आणि २०१६-१७ च्या हंगामात त्याला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. पुढच्या हंगामापासून त्यानं आपलं बिऱ्हाड पाचशे किलोमीटरवरच्या कोइमतूरला हलवलं. पहिली दोन वर्षं खालच्या रांगेतच गेली.

२०१८ साली सिंगापूरचा अकबर नवास प्रशिक्षक म्हणून आला. स्पेनच्या खालच्या श्रेणीतून मान्झी, नेस्टर गोर्डिलो, सांद्रो रॉड्रिगेझ असे फारसे कुणाला ठाऊक नसलेले खेळाडू आले. एकट्या मान्झीनं त्या हंगामात २१ गोल केले. सोबतीला एडविन व्हॅन्सपॉलसारखी तामिळनाडूचीच पोरं होती. मोठी नावं नव्हती, पण पायात पाय आणि मनात मन होतं. पुढची कथा सुरुवातीला आलीच आहे.

विजेतेपदानंतर जणू लक्ष्मी दारी आली. स्वित्झर्लंडच्या नामवंत एफसी बाझेल क्लबनं २०१९ मध्ये २६ टक्के भागीदारी घेतली. जानेवारी २०२० मध्ये चेन्नई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत बहारीनच्या अल रिफाशी खेळली, एका गोलानं हरली. मार्चमध्ये एएफसी चषकाचा एक सामना झाला आणि कोरोनानं जगाची दारं बंद केली. ती स्पर्धाच रद्द झाली.

चांगले खेळाडू एव्हाना सुपर लीगच्या क्लबांकडे पांगले होते. व्हॅन्सपॉल चेन्नईयिनकडे गेला. प्रेक्षकांविना खेळ, तिकिटांचं उत्पन्न शून्य. शेवटी परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्यानं २०२१-२२ च्या आय-लीगमध्ये चेन्नई सिटीला जागा राहिली नाही. ती जागा कुणाला मिळाली? मुंबईच्या केंकरे क्लबला. फुटबॉलच्या पटावर एकाचं घर उठतं, तेव्हा दुसऱ्याचं मांडलं जातं!

काशिमा आणि चेन्नई सिटी यांच्यातला फरक इथं दिसतो. काशिमाच्या मागे कंपनी होती, गाव होतं आणि प्रांताचं सरकारही होतं. २०१९ साली सुमितोमोच्या वारसदार कंपनीनं क्लबची मालकी मेरकारी या नव्या कंपनीला दिली, तरी क्लब गावातच राहिला. चेन्नई सिटीचं नाव एका शहराचं, मैदान दुसऱ्या शहरातलं आणि सारा भार मोजक्या खांद्यांवर. खांदे थकले की पालखी खाली!

व्यासरपाडीची पोरं

मग शहरात उरलं काय? उत्तर शोधायचं तर उत्तर चेन्नईत, व्यासरपाडीला जावं लागतं. रेल्वे कारखान्याच्या पेरांबूरला लागून असलेली ही कष्टकऱ्यांची वस्ती. दाटीवाटीची घरं, अरुंद गल्ल्या. एकेकाळी मारामाऱ्या आणि गुन्ह्यांच्या बातम्यांसाठी बदनाम. पण फुटबॉलचं वेड असं, की लोक तिला 'छोटा ब्राझील' म्हणतात.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस एन. उमापती आणि एन. थंगराज यांनी इथल्या मुलांसाठी एक संस्था सुरू केली. फुटबॉल आणि शिक्षण, दोन्ही एकत्र. चेंडूच्या मागे मुलं आली की त्यांना पुस्तकापर्यंत न्यायचं, अशी ही युक्ती. मुलीही मैदानात उतरल्या.

या गल्ल्यांनी काय दिलं? धनपाल गणेश दिला. तो पुणे एफसीकडून आय-लीग खेळला, मग आपल्या गावच्या चेन्नईयिनमध्ये आला आणि २०१८ च्या विजेत्या संघाच्या मधल्या फळीचा आधार झाला. आपल्याच शहराच्या नावाची जर्सी घालून शहराला चषक मिळवून देणं, याहून मोठं भाग्य कोणतं? पण त्याच वर्षी गुडघ्याच्या दुखापतीनं त्याला गाठलं आणि पुढचा सगळा हंगाम त्याला बाहेर बसावं लागलं. व्यावसायिक खेळाची ही दुसरी बाजू. कचेरीच्या संघात गुडघा गेला तरी खुर्ची शाबूत असे. इथं गुडघा हेच भांडवल!

नंदकुमार शेखर हा दुसरा. चेन्नई सिटी आणि मग ओडिशाकडून खेळता खेळता तो २०२३ मध्ये ईस्ट बंगालला गेला. १२ ऑगस्ट २०२३ ला ड्युरँड चषकात मोहन बागानविरुद्ध त्याच्या एकमेव गोलानं ईस्ट बंगाल जिंकला. साडेचार वर्षांनी लाल-पिवळ्यांनी कट्टर प्रतिस्पर्ध्याला हरवलं होतं. कोलकात्यातल्या लाखो घरांत त्या रात्री व्यासरपाडीच्या पोराचं नाव होतं.

आणि मुली? २०१९ हे वर्ष तामिळनाडूला दुप्पट लाभलं. मार्चमध्ये पुरुषांची आय-लीग, तर मे महिन्यात मदुराईच्या सेतू एफसीनं भारतीय महिला लीग जिंकली. त्या संघातली भारताची मधल्या फळीतली खेळाडू इंदुमती कदिरेसन ही तामिळनाडू पोलिसांत उपनिरीक्षक. कोरोनाच्या काळात तिनं चेन्नईच्या रस्त्यावर उभं राहून बंदोबस्त केला, आणि मग पुन्हा देशाकडूनही खेळली. म्हणजे नोकरी आणि फुटबॉल यांची जुनी जोडी मुलींच्या बाबतीत अजून तुटलेली नाही, आणि अनेक घरांना तोच आधार वाटतो.

करार की कायम?

खरा पेच आहे तो घराघरात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सांगतो, "मला क्लबनं बोलावलंय." वडील विचारतात, "रेल्वेत भरती निघाली आहे, तिचं काय?" कुणाचं चूक म्हणायचं? व्यावसायिक क्लबचा खेळाडू दोन-तीन हंगामांत जेवढं मिळवू शकतो, तेवढं बँकेतल्या खेळाडूला मिळवायला पुष्कळ वर्षं लागत. चांगला आहार, फिजिओ, परदेशी प्रशिक्षक, टीव्हीवर सामना. पण करार संपला की पुढे?

या भीतीला २०२५ मध्ये तोंड फुटलं. राष्ट्रीय फुटबॉल महासंघ आणि सुपर लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नवा करार होईना, हंगामाच्या तारखा ठरेनात. ऑगस्टमध्ये चेन्नईयिननं आपल्या मुख्य संघाचं कामकाजच थांबवल्याचं जाहीर केलं. दोन वेळा देश जिंकलेला क्लब आणि कुलूप! ऑक्टोबरमध्ये गोव्यातल्या सुपर कपसाठी संघ पुन्हा मैदानात दिसला, तोही संपूर्ण भारतीय खेळाडूंचा. पण मधल्या काळात खेळाडूंच्या घरी काय चाललं असेल, याची कल्पना कुठल्याही कुटुंबाला करता येईल. ज्या वडिलांनी रेल्वेचा अर्ज पुढे सरकवला होता, त्यांना त्या महिन्यांत वेडं कोण म्हणणार?

जपानलाही हा मार्ग एका रात्रीत सापडला नाही. तिथंही क्लब बुडाले. पण दहा क्लबांनी सुरू झालेली लीग तीस वर्षांत तीन श्रेणींच्या साठ क्लबांपर्यंत गेली. वर चढायला शिडी आणि खाली पडलात तर झेलायला गाव, दोन्ही तिथं आहे. चेन्नईत चषक आले, पाहुणे आले, पैसाही आला. शिडीच्या पायऱ्या मात्र अजून मोडक्या आहेत.

तरीही व्यासरपाडीच्या मैदानावर धूळ उडतेच आहे. तिथल्या पोरांना मान्झी ठाऊक आहे, गणेश ठाऊक आहे, नंदकुमार तर त्यांचा अण्णाच. कंपनीचा संघ गेला, क्लब आला, क्लबही डळमळला. चेंडू काही थांबला नाही. तो अडवायचा नसतो, त्याला नीट वाट करून द्यायची असते. हे कचेऱ्यांतल्या साहेबांना एकेकाळी कळलं होतं. क्लबांच्या मालकांना आणि महासंघाला ते कधी कळणार?

मुलाला किंवा मुलीला फुटबॉलपटू व्हायचंय? मग हे बघा :

● प्रशिक्षकाकडे महासंघाचा किंवा आशियाई महासंघाचा परवाना आहे का, हे विचारायला संकोच करू नका. डी, सी, बी, ए आणि प्रो अशा त्याच्या पायऱ्या असतात.

● लहान मुलांसाठी ठिकठिकाणी 'बेबी लीग' भरवल्या जातात. त्या वयात जिंकण्यापेक्षा चेंडूशी मैत्री होणं महत्त्वाचं.

● खेळाडूची महासंघाकडे रीतसर नोंदणी झाली आहे ना, याची खात्री करा. क्लब बदलताना हीच नोंद कामाला येते.

● करारावर सही करण्यापूर्वी तो जाणकाराला दाखवा. मुदत किती, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च आणि पगार यांचं काय, हे वाचल्याशिवाय पेन उचलू नका. फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांहून अधिक मुदतीचा असू शकत नाही.

● आणि शाळा सोडू नका! खेळाची वर्षं मोजकी असतात. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र मात्र सत्तराव्या वर्षीही चालतं.